कासवासाठी कोरडी जागा

३ ऑगस्ट, रविवार

लिहायचं टाळत होते. लिहीन लिहीन म्हणता आषाढ गेला. वही उशाखालीच आहे, पेनही आहे, वेळ तर नको तितका. पण पहिली ओळ कासवाचीच लिहावी लागणार, हे माहीत होतं.

तर कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, पाण्यात नाही तर जमिनीवर राहणारं. इतवारीतल्या सिंधूताईंनी वर्षानुवर्षं घरात पाळलेलं. असं कासव ठेवणं गुन्हा आहे हे त्यांना या उन्हाळ्यात कोणीतरी सांगितलं. मग त्यांनी स्वतःच फोन केला आणि रडत रडत आमच्या केंद्रात पाठवून दिलं.

'आमच्या' म्हणे! मी इथे एक रात्र काढायला आले होते. पेंचला जायचं होतं, बस चुकली. हिंगणा रोडवर जखमी प्राणी ठेवायची ही जागा. अबोली मॅडम डॉक्टर, कवडूकाका चौकीदार, आणि मी. राहायला खोली, बदल्यात पडेल ते काम. आयटीआयमध्ये अर्धं सुतारकाम शिकून सोडलं होतं, ते मॅडमना सांगायची हौस मलाच. म्हणाल्या, "मग कासवाला घर बांधून दे. पावसात कोरडं राहील असं. हळू कर, पण विचारून कर."

मी काय केलं? आधी मैत्रिणीच्या स्कूटरवर रामटेकला गेले. तिथून आणखी कुठे कुठे. मॅडमचा फोन आला तेव्हा घाईघाईत परतले आणि जुन्या होर्डिंगचं प्लायवूड ठोकलं. आता याला ओल लागू नये म्हणून काय लावायचं? कवडूकाका म्हणाले, "जळकं ऑइल लाव नं वं. आमच्या बैलबंडीले, दाराले, गोठ्याच्या खांबाले, सगळ्याले तेच. ना ओल लागत, ना वाळवी." गॅरेजवाल्याने गाड्यांमधून काढलेलं ऑइल डबाभर फुकट दिलं. दोन हात मारले. काळंभोर, चकचकीत! मी तर फोटोही काढला.

कासव भिंतीला घासून घासून चालतं. कोपरा दिसला की चावून बघतं. मला कुठे माहीत होतं! विचारलं असतं तर कळलं असतं. मॅडम तर शेजारच्याच खोलीत होत्या.

त्यांनी त्याला उचललं, नाकाजवळ नेलं. "हा वास कसला?" सांगितलं. रागावल्या नाहीत. बाह्या वर करून कोमट पाण्यात धुवायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोळे सुजलेत त्याचे. खात नाही.

४ ऑगस्ट

नाही खाल्लं.

८ ऑगस्ट

ते घर मोडलं. प्लायवूड खालून फुगलंच होतं — एवढं ऑइल लावूनही! म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तेही झालं नाही.

मॅडमनी समोर बसवून समजावलं. प्लाय नको, त्यातला गोंद ओलीने सुटतो. थर्माकोल नको, ते खाऊन बघेल. काचही नको. पलीकडचं दिसलं की दिवसभर काचेला धडका देत राहतं बिचारं. भिंत आरपार न दिसणारीच हवी. सिमेंटचा बोर्ड चालेल, पण ॲस्बेस्टॉसचा नाही. खाली टाइल, तिला एका बाजूला उतार, वर माती आणि वाळू. मी विचारलं, "आणि रंग?" म्हणाल्या, "रंग कशाला? त्याला कोणाला दाखवायचंय घर?"

कवडूकाका बाजूलाच बिडी न पेटवता हातात धरून उभे. "मले काय माहीत, ते भिंत चावते म्हणून! आमचे बैल कधी बंडी चावले नाहीत." कोणी हसलं नाही. मग मला हळूच म्हणाले, "मॅडमले माझं नाव सांगतलं का वं?" नाही सांगितलं काका. हात माझा होता.

१२ ऑगस्ट

सिंधूताईंचा फोन आला. मॅडम ऑपरेशनमध्ये, मी उचलला.

"जेवला का माझा जावई?"

त्या त्याला जावईच म्हणतात. बसून खातो, बोलत काही नाही, थंडीत रुसतो — म्हणून. मॅडमनी आल्याबरोबर उलटं करून पाहिलं आणि सांगितलं, ताई, ही मादी आहे. तर म्हणाल्या होत्या, "असू द्या. इतक्या वर्षांनी मी काही मानपान बदलत नाही."

आणि मी आज काय म्हणाले? "हो ताई, जेवला. घोळाची भाजी खाल्ली."

"खाल्ली! माझ्याकडे तं घोळ पाहून तोंड फिरवे. म्हणजे सुधारला वं पोरगा!"

किती हसल्या. संध्याकाळी मॅडम नळीने त्याला पातळ औषध पाजत होत्या, तेव्हा मी जाऊन त्याला धरलं. मान इतकीशी. धडधडत होती.

१७ ऑगस्ट, रविवार

बोर्ड बसवले. कडा घासून गोल केल्या. बोटं फिरवून फिरवून पाहिल्या. टाइलचे सांधे भरले. नव्या सिमेंटमधला चुना पायाला लागेल म्हणून पाणी भरून ठेवायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. मॅडम म्हणाल्या, कंटाळू नको. नाही कंटाळले! मैत्रिणीचा फोन आला होता, पचमढीला चाल म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं.

पण आत्ता काय उपयोग. हेच आधी करता आलं असतं. त्याच जागेत, याच हातांनी.

कासव डोळे थोडे उघडतं. मग मिटतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

उताराच्या तोंडाशी पाणी जायचं भोक आहे, त्याला जाळीचं झाकण हवं होतं, ते आणायला इतवारीत गेले. आज मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, हे डोक्यातूनच गेलेलं! जागनाथ बुधवारीकडून सगळा लोंढा, ढोल, पोरं नाचून राहिलेली. झाकण राहिलं बाजूला, मी गर्दीबरोबर चालायला लागले. सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत! मीही ओरडले. घसा बसेपर्यंत. कोणाला कळणार, मी कोणासाठी ओरडतेय.

वर पाहिलं तर गॅलरीत सिंधूताई; कासव न्यायला मीच आले होते, घर ओळखीचं. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, तिथूनच बघतात सगळं. खुर्चीवर बसून, डोळ्यांवर आडवा हात धरून. मला वाटलं, माझ्याकडेच बघतात. एका फुगेवाल्यामागे लपले. पाच मिनिटांचा जिना होता. चढून जायचं आणि सांगायचं, ताई, मी खोटं बोलले, तो आजारी आहे, माझ्यामुळे आहे.

झाकण घेऊन परत आले.

२६ ऑगस्ट

पुन्हा फोन.

"भेटू देत नाहीत, मले माहीत आहे. तो आता जंगलाचा. पण एक फोटो तं पाठव नं वं. जेवतानाचा."

पाठवला. तो इथे आला त्या दिवशीचा. मान वर, डोळे टपोरे, तोंडात जास्वंदाची पाकळी.

लगेच फोन. "अवं, किती तजेलदार दिसून राहिला! माझ्या घरी इतका नव्हता. तुमच्याकडेच सुखी आहे माझा जावई." मग नाक ओढल्याचा आवाज आला.

मी हूं हूं करत राहिले.

घर तयार आहे. माती वाळलेली, भुसभुशीत. मॅडमनी हात घालून पाहिलं, "छान झालंय" म्हणाल्या. उद्या ठेवू.

२७ ऑगस्ट

ठेवलं. चाललं नाही. सकाळी मध्यभागी ठेवलं होतं, संध्याकाळी तिथेच.

२८ ऑगस्ट

गेलं.

बाहेर धो धो पाऊस होता. आत माती कोरडी, एक थेंब नाही. त्याच कोरड्या मातीत मान टाकून पडलेलं.

मॅडम तपासणीसाठी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "ऑइलनेच गेलं की आधीपासून काही होतं, ते उघडल्यावर कळेल." मी म्हटलं, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "तुला माहीत नाही. पण ताईंना सांगावं लागेल. मी सांगू?"

मी सांगते म्हटलं. उद्या.

२९ ऑगस्ट

सकाळपासून फोन हातात. नंबर काढते, बंद करते. आता करतेच म्हटलं, तेवढ्यात कवडूकाका दाराशी.

"पोरी, गेटवर ऑटो उभा आहे. दोघं जणं धरून एका म्हातारीले उतरवून राहिले. इतवारीहून आली म्हणते. फोटो पाहून राहवलं नाही म्हणते. आत नाही येत, दुरूनच पाहीन म्हणते."

मॅडम नाहीत.