शनिवारचं पान

धार, गुरुवार, २ एप्रिल १९०८

पोचलो एकदाचा! महूपासून टांग्यात हाडं खिळखिळी झाली, पण टांगेवाला फत्तेसिंग मोठा बोलका गडी. भिया, भिया (इकडं भाऊला भिया म्हणतात) करत त्यानं बसल्या जागी मला सारं धार दाखवलं. काम सोपं आहे: दफ्तरातल्या जुन्या मोडी कागदांच्या बाळबोध नकला करायच्या आणि पावसाळ्याआधी वाईला परत जायचं. निघताना इंदू दाराआड रडत होती. सीता दोन वर्षांची. तीन महिन्यांत पोरगी बापाला विसरेल, हीच धास्ती. परत गेल्यावर ती माझ्याकडे झेपावली, म्हणजे मिळवली.

सोमवार, ६ एप्रिल

दफ्तरातले माझे वरिष्ठ मोरोपंत. त्यांनी जेवणाचे वार लावून दिले: आज त्यांच्याकडे, बाकी पाच दिवस पाच दक्षिणी, म्हणजे आपल्याकडच्या, घरी. घोड्याएवढा झालो आणि विद्यार्थ्यासारखा वार लावून जेवतोय! पण गरजवंताला अक्कल नसते. शनिवारला घर मिळालं नाही, त्या दिवशी पोह्यांवर भागवायचं. माणसं चांगली आहेत, पण सगळे 'अहो लेखनिक' म्हणतात. खोलीवर आलो की भिंतींशी बोलावं लागतं.

शनिवार, १८ एप्रिल

काय नशीब! भर दुपारी तलावावरून येताना एका माडीच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हाक मारली. पान वाढलंय म्हणाले, उन्हाचे का फिरता. आत रांगोळी काढलेलं एकच पान होतं. त्यांच्या पत्नी वाढत होत्या. वरणाला थेट आमच्या घरची चव! पुढच्या शनिवारीही यायचंच, असं त्यांनी बजावलं. सुटलो बुवा पोह्यांतून.

शनिवार, २५ एप्रिल

आज बाईंनी मला कृष्णा म्हणून हाक मारली. त्यांचा मुलगा कृष्णाजी दक्षिणेत गेलाय, चेहरा माझ्यासारखाच आहे म्हणे. मी श्रीपाद, असं सांगायला हवं होतं. पण महिनाभरात कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. ऐकून डोळ्यांत पाणी आलं आणि मी ओ दिली. जाऊ दे, म्हातारीचं मन राहिलं.

शनिवार, २ मे

तिसरा शनिवार. बाईंनी तोंडावरून हात फिरवला. एवढ्या उन्हाळ्यात हात विहिरीतल्या पाण्यासारखा गार. पाटावर नाव कोरलंय, कृष्णाजी. मुलाच्याच पानावर मला बसवतात तर. पोट मात्र भरलं.

सोमवार, ४ मे

मोरोपंतांकडे जेवताना सहज सांगितलं, आता शनिवारचीही सोय झाली. काकूंच्या हातून भाताचं भांडं पडलं. मोरोपंत भर उन्हात मला त्या घरी घेऊन गेले. दाराला गंजलेलं कुलूप! खिडकीच्या फटीतून पाहिलं: सगळीकडे वीतभर धूळ, आणि मधोमध ताज्या रांगोळीत तीन उष्टी पानं.

पाच वर्षांपूर्वी प्लेगात दोघं नवरा-बायको गेली. त्याच आठवड्यात मुलगाही तिकडे दक्षिणेत वारला. पाणी द्यायला कुणी उरलं नाही. मुलाचं पान वाढून ती अजून वाट बघतात. मोरोपंत म्हणाले, त्याच्या पानावर तू तीनदा जेवलास. चौथ्यांदा जेवलास तर तू त्यांचा, आणि तुझं घर त्याचं. 

गुरुवार, ७ मे

सगळ्यांनी वार बंद केले. त्या घरचं जेवलेला माणूस पंक्तीला नको म्हणतात. मोरोपंतही दारातच थांबवून म्हणाले की घरात लेकरं आहेत, राग मानू नकोस. राग कसला? आपलं म्हणायला एक माणूस नाही या गावात. बाजारचं दूध घेतलं, घशाखाली उतरलं नाही.

शनिवार, ९ मे

खोलीला आतून कडी लावून बसलो. गेलो नाही. गेलो नाही मी!

बुधवार, १३ मे

बाबांचं पत्र. लिहितात: श्रीपाद शनिवारी सुखरूप घरी आला. त्याच्या नावानं धारहून पत्रं लिहिणारे तुम्ही कोण? हा खोडसाळपणा बंद करा.

खाली इंदूच्या अक्षरात दोन ओळी. हे पानावर बसतात पण घास घेत नाहीत, येत्या शनिवारी जेवीन म्हणतात. सीता त्यांना पाहून किंचाळते.

माझी सीता. तिनं ओळखलं!

गुरुवार, १४ मे

तार केली — त्याला वाढू नका. उत्तर आलं — पुन्हा तार केल्यास फौजदारी करू. उद्या फत्तेसिंगच्या टांग्यातून महू गाठतो. पोटात आठवडाभर काही नाही, पण जाणार.

शुक्रवार, १५ मे

नाक्यापर्यंत गेलो. भोवळ आली. शुद्धीवर आलो तो — या माडीच्या घरात. फत्तेसिंगनं आणून सोडलं. कृष्णाजी भियांचं घर हेच ना, म्हणत होता. कृष्णाजी! तूच ना आणलंस मला महूहून, गाढवा —

दार उघडत नाही.

शनिवार, १६ मे

बारा वाजले. पान मांडलंय. मी जेवलो नाही तर तिकडे तोही जेवणार नाही. एवढा एक दिवस. इंदू, मी नाही जेवणार, तुझी शपथ —

म्हातारी रागवत नाही. वाळलास रे, म्हणते. वारा घालते. वाईहून एकही हाक नाही, इथं मात्र —

वरणावर तूप घातलं. वास —

सीते, मी घट्ट — दात घट्ट —

तिनं घास कालवून तोंडाशी धरलाय. रडतेय ती. एकच घास. एका घासानं काय होतंय, फक्त एक —