तळव्याची बाजू

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन महिना होत आला. उशिराचं कारण म्हणून कामाचं नाव पुढे करणार होते, पण ते अर्धंच खरं. इथे सगळं ठीक आहे. मी जेवते, झोपते, आणि तू बजावलंस तशी चालायलाही जाते, मनात आलं की. तुझ्या लेकीचा दात पडल्याचं वाचून हसू आलं. त्या जागी जीभ घालत बसू नकोस म्हणावं, नवा दात वाकडा येतो. हे तुझा दादा मला सांगायचा, माझे सगळे दात येऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

तू विचारलं आहेस की दादाच्या हातचं काही मिळेल का. घड्याळ नको, शर्ट नको, 'त्याच्या हातचं' हवं. मी कपाट उघडून बसले आणि मग माझ्याच लक्षात आलं, की काँक्रीटवाल्याच्या हातचं घरात काही नसतंच. जे आहे ते जिन्यांखाली, रस्त्यांखाली, अनोळखी लोकांच्या पायांखाली. घरात त्याने बनवलेली एक कुंडीसुद्धा नाही.

असं तुला फोनवर सांगितलं, ते खोटं नव्हतं. फक्त घराबाहेरचं मी सांगितलं नाही.

त्याच्या हातची शेवटची वस्तू प्रयोगशाळेत आहे. हातभर लांब, जाडी वीतभरही नाही, अशी काँक्रीटची तुळई. आत्ता ती माझ्यापासून चार पावलांवर मशीनमध्ये आहे आणि मशीन तिच्यावर दाब देतं आहे, सोडतं आहे, देतं आहे, सोडतं आहे. हे मीच लावलं आहे. माझं कामच ते.

तुला थोडं समजावून सांगते. दादाचं नवं मिश्रण आपोआप बसणारं होतं. साधं काँक्रीट ओतलं की त्यात व्हायब्रेटर घालून हलवावं लागतं, नाहीतर आत पोकळ्या राहतात. हे तसं नाही. ओतलं की दाट ताकासारखं पसरतं, सळ्यांच्या बेचक्यांतून स्वतःच वाट काढतं आणि गप्प बसतं. उलट हलवलं तर बिघडतं, आतली खडी तळाशी जाते. सगळं आयुष्य व्हायब्रेटर धरून ज्याचे हात बधिर झाले त्यानेच हे मिश्रण जमवलं. ओतताना हसत म्हणाला होता, "याला माझी गरजच नाही बघ."

एका झटक्यात ते किती वजन पेलतं हे आधीच कळलं होतं, भरपूर पेलतं. पण पुलावर एकच मोठा हत्ती कधी येत नाही. रोजच्या गाड्या येतात, पुन्हा पुन्हा. मोडणाऱ्या वजनाच्या खूप खालचं वजन, पण इतक्या वेळा, की आत कुठेतरी केसासारखी चीर पडते आणि कुणाला न सांगता वाढत जाते. म्हणून वीस लाख दाब. तीन तुळयांनी ते सोसले तर दादाचं मिश्रण नव्या पुलाला लागेल. त्याचं नाव अहवालावर येईल. दोन तुळयांनी सोसले. ही तिसरी.

या तिघी टाकीतल्या पाण्यात पक्क्या होत होत्या तेव्हा तो गेला. सगळे मला भेटायला येत होते आणि माझ्या डोक्यात तेच, की त्या पाण्याखाली आहेत, अजून कच्च्या आहेत, टाकीतलं पाणी कुणी पाहिलं का.

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

तुला आठवत असेल, दादा डबा भरला की ठोकायचा. साखर असो, पीठ असो, तीन वेळा टकटक. बसलं की अजून मावतं, म्हणायचा. तिसरी तुळई ओतून झाली आणि हातोडी उचलून त्याने साच्याला तशीच टकटक केली. स्वतःच दचकला. मग काँक्रीट जरा घट्ट झाल्यावर, झोपलेल्या मुलाला थोपटतात तसा वरून तळहात ठेवला आणि म्हणाला, "झालं गेलं, आता गुमान राहा." खोलीत मी एकटीच होते. मी हसले होते.

आमच्याकडे तुळई कुशीवर वळवून मशीनमध्ये ठेवतात, त्यामुळे ओतताना वर असलेली बाजू समोर येते. चार दिवस त्याच्या तळव्याचा ठसा माझ्याकडे तोंड करून आहे. मशीनवरच्या काकांनी पहिल्या दिवशी त्यावर आपला रुमाल टाकला होता. मी काढला, चीर दिसायला हवी म्हणून. काका म्हणाले, "बाई, तुम्ही बघत बसलात तर ही फुटायची नाही. दूध कधी कुणाच्या डोळ्यांदेखत उतू गेलंय?"

मशीनचे ठोके घरापर्यंत येतात. पेल्यातलं पाणी थरथरताना दिसतं, हात लावला की स्थिर असतं. परवा स्वयंपाकघरातून टकटक आली. मी उठले नाही. पाहिलं असतं आणि कुणी नसतं, तर ते मला नको होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांना टकटकीचं मी मशीन लावण्याआधीच सांगितलं. त्यांनी चांगल्या मनाने सुचवलं, की फुटली तर बिघडलेला नमुना म्हणून वगळू, टिकली तर विषयच कशाला. अहो पण, म्हटलं, मग आपण मोजतोय कशाला? वगळायची तर आत्ता वगळा, धरायची तर आत्ता धरा. ते म्हणाले, "तुमच्याच नवऱ्याचं काम आहे, तुम्हीच ठरवा."

रात्रभर विचार केला. वगळली असती तर ती मशीनवर चढलीच नसती आणि आज सरळ तुझ्याकडे पाठवता आली असती. पण पुलावर हे मिश्रण जे ओततील तेही जन्मभर काँक्रीट हलवत आलेलेच असतील. त्यांचाही हात जाणारच हातोडीकडे. एका टकटकीने बिघडणारं मिश्रण माणसांच्या हाती द्यायचं कसं? मी सांगितलं, धरा. आता वाटतं, हा खरंच विचार होता, की न सांगता निघून गेलेल्या माणसावरचा राग? मला माझं

बुधवार, १२ फेब्रुवारी

वाक्य तिथेच राहिलं, कारण ठोके थांबले. तुळई मोडली की मशीन आपोआप बंद होतं. मी कागदाकडे बघत होते. काकांचं खरं ठरलं.

वीस लाखांच्या बऱ्याच अलीकडे गेली. चीर तळव्याच्या बाजूने, खालच्या कडेपासून सुरू झाली होती. तुकडे उचलून पाहिले, तर बाकीच्या दोघींत खडी सगळीकडे सारखी विखुरलेली, आणि हिच्यात तळव्यामागे बोटभर जाडीत एकही खडा नाही. नुसता सिमेंट-वाळूचा थर. त्या तीन टकटकींनी खडी एवढी खाली गेली होती.

मिश्रण पुलाला लागणार नाही. दुसरं कुणीतरी ते थोडं घट्ट करून पुन्हा तपासेल, आणि तेव्हा अहवालावर त्याचंच नाव असेल, दादाचं नाही. साहेब कामापुरतं बोलतात. दादा असता तर दोन दिवस अबोला धरला असता एवढं नक्की सांगते. तिसऱ्या दिवशी काय म्हणाला असता ते सांगता येत नाही. हेच मला रोज विचारावंसं वाटतं, आणि विचारायला कुणी नाही.

मशीन थांबलं की घरातलेही ठोके थांबतील असं वाटलं होतं. नाही थांबले. काल साखर भरली, डब्यात मावली नाही. उरलेली वाटीत झाकून ठेवली आहे.

चीर बरोबर हाताच्या ठशातून गेली आहे. काकांनी दोन्ही तुकडे माझ्या टेबलाखाली आणून ठेवले, वर त्यांचा तोच रुमाल टाकून. तुला चालायला शिकवताना दादाने त्याचं बोट दिलं होतं, असं आई सांगायच्या. तर बोटांकडचा तुकडा तुझा. तळव्याकडचा मी ठेवते. जड आहे, पोस्टाने नको. न्यायला तूच ये.

अजूनही तुझीच,
वहिनी