चादरीची शेवटची घडी

४ मार्च, मंगळवार

वहीचं एक पान गेलं! तेही नेमकं रविवारचं. रागाच्या भरात सगळं ओकलो होतो त्यावर — या परदेशातल्या लाँड्रीत रोजचे चौदा तास काम, फाटकाला कुलूप, आम्हा अकरा जणांचे पासपोर्ट मुकादमाच्या पिवळ्या कपाटात. वही मी उशीच्या अभ्र्यात लपवतो. संशय माझ्या खोलीत रात्रभर घोरणाऱ्या घोरूवर. त्याला तंबाखू बांधायला कुठलाही कागद चालतो. विचारलं तर म्हणाला, मी असली रद्दी वापरत नाही. रद्दी!

६ मार्च

पान मुकादमाच्या हाती लागलं तर माझं काही खरं नाही. दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत इस्त्री केली. एका हॉटेलचा अभ्रा जाळला.

११ मार्च

मुकादमाने बोलावलं. पण पानाचा विषयच नाही! शुक्रवारी लाँड्रीची सरकारी तपासणी आहे, त्याच्या कुणा ओळखीच्याने आधीच कळवलंय. मी गावी शिकवण्या घ्यायचो, म्हणून सगळ्यांकडून उत्तरं पाठ करून घ्यायची कामगिरी माझ्यावर. नीट पार पडलं तर माझा पासपोर्ट परत आणि महिनाभर रजा.

मी निघालो तेव्हा मुलगी बायकोच्या पोटात होती. आता धावते म्हणे. मी लगेच हो म्हणालो. लाज वाटली, पण हो म्हणालो.

१२ मार्च

विद्यार्थी म्हणजे एकेक रत्न! कुणाच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी युक्ती सुचली. दिवसभर आम्ही जोडीजोडीने चादरींच्या घड्या घालतो, हात आपोआप चालतात. तेव्हा उत्तरं हातांनाच शिकवली. चादर झटकायची — ‘काम आठ तास.’ कोपरे जुळवायचे — ‘आठवड्याला सुट्टी.’ पहिली घडी — ‘बाहेर जायला मोकळीक.’ शेवटची घडी — ‘पासपोर्ट माझ्याकडे.’ संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं तोंडपाठ! अंगात जुना मास्तर संचारला होता अगदी.

फक्त मावशी ठोंब्यासारखी बघत राहिली. ती आमच्या खोल्या झाडते, अभ्रे बदलते, एवढंच. अक्षरओळखही नसावी बिचारीला. नाद सोडला.

१४ मार्च, शुक्रवार

तमाशा!

तपासणीला एकच बाई आल्या. बुटक्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या. पहिला नंबर घोरूचा. रोज किती तास काम? घोरूने रिकामे हात हवेत झटकले आणि आठ तास म्हणाला. माझी छाती फुगली. मग बाईंनी विचारलं, जेवण कसं असतं? घोरूने हवेत कोपरे जुळवले — आठवड्याला सुट्टी. बरं, नाव काय तुमचं? हवेत घडी — बाहेर जायला मोकळीक. पुढचे दोघेही तसेच. मुकादमाला घाम फुटला. मला तो डोळ्यांनीच भाजून काढत होता.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी ढिगातली एक चादर उचलली आणि दोन कोपरे माझ्या हातात दिले. झटकली. कोपरे जुळवले. पहिली घडी. शेवटच्या घडीला दोघांना अगदी समोरासमोर यावं लागतं. मुकादम मशीनच्या आवाजापलीकडे होता.

“पासपोर्ट कुठे आहे?” त्या हळूच म्हणाल्या.

उत्तर मीच बसवलेलं. दोन शब्द बोललो की रजा, घर, मुलगी. पण समोर माझे दहा शिष्य उभे होते, हात हवेत तयार ठेवून.

“पिवळ्या कपाटात,” मी म्हणालो. “सगळ्यांचे.”

“ठाऊक आहे. पण कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं.”

१५ मार्च

कपाट उघडलं. मुकादमाला घेऊन गेले. फाटक सताड उघडं! घोरू उगाचच दहा वेळा आतबाहेर करून आला.

१७ मार्च

बाईंनी पासपोर्ट दिला आणि एक कागद पुढे केला. हे अक्षर तुमचं का? रविवारचं पान! हॉटेलला गेलेल्या धुतल्या अभ्र्यात सापडलं, हॉटेलवाल्यांनी बाईंकडे धाडलं म्हणे. सोबत टाचणीने लावलेली चिठ्ठी, ठसठशीत अक्षरात: ‘हा नुसता लिहितो. कुणीतरी वाचा.’

मावशी दारात झाडू घेऊन उभी होती.

“रोज वाचते मी,” ती म्हणाली. “मुलीबद्दल लिहितोस ते छान असतं. बाकी फार रडगाणं, मास्तर.”