कडी आतून

बोरवाडी, औरादनजीक
चैत्र वद्य ४, शके १८५९

चि. अंकुश यास अक्काचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम असे की बैल, म्हशी आणि तुझे दाजी ठणठणीत आहेत. मी तेवढी नाही.

थंडी वाजून ताप आला, गेला, पुन्हा आला. पाठीत उजव्या फासळीखाली कुणी खुंटी ठोकल्यागत दुखतंय. लघवीला आग होते. हे लिहायला लाज वाटते, पण तुझी दुपटी मीच धुतली आहेत, तेव्हा तू वाचायला लाजू नकोस. सिद्धप्पा वैदू उष्णता म्हणतो आणि काळी पूड देतो. पूड खाल्ली की तोंड कडू होतं, ताप गोडच राहतो.

ह्यांना बघायला सवड नाही. तहसीलदारसाहेबांच्या दौऱ्यासाठी बैठकीमागं पायखाना बांधलाय. खोल खड्डा, चार भिंती, खाली शहाबादी फरशी. साहेब एकदाच आत जाऊन आले. तेव्हापासून बाहेरून कुलूप आहे, देवघराला नाही असं. विहीर आटली तर आटू दे, तुझी माया आटू नये.
तुझी अक्का, चंद्रभागा

बीदर
चैत्र वद्य १०

ती. सौ. अक्काच्या चरणी अंकुशाचे शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र घेऊन तसाच इथल्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: बाई दिवसात पाणी किती पितात, आणि लघवी दाबून धरतात का. मला सांगता येईना. शाळामास्तराला गप्प बसवलेलं पाहून तुला बरं वाटलं असतं.

आता मास्तरकी सोस. पाठीत, शेवटच्या फासळ्यांच्या आडोशाला मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात, घेवड्याच्या दाण्याच्या घाटाची. अंगातलं सगळं रक्त दिवसभर त्यांच्यातून गाळून निघतं. कामाचं ती परत देतात, घाण पाण्यासोबत खाली सोडतात. इथली जमिनीखालून पाणी वाहून आणणारी सुरंग-बावडी तू पाहिली आहेस. मुळाशी पाणी कमी पडलं की गाळ साचतो, तोंडाशी अडवलं की घाण मागं चढते. तुझं दोन्ही झालंय, असं बाईंना वाटतं. घाण पिंडापर्यंत पोचली की थंडी वाजून ताप येतो. असंच चाललं तर पिंडं झिजतात, आणि झिजलेलं पिंड पुन्हा उगवत नाही. सिद्धप्पाची पूड आजच उकिरड्यावर टाक. ती कुठल्या तरी धातूची राख असणार, तिचा भारही पिंडांवरच.

पाणी पी आणि इकडं ये. पाणी पीत कामून न्हाईस, एवढं मात्र कळव. शिव्या चालतील, मौन नको.
तुझा अंकुश

बोरवाडी
वैशाख शुद्ध ३

चि. अंकुशास आशीर्वाद.

कामून पीत न्हाईस म्हणे. प्याले तर जाऊ कुठं, ते तुझ्या मास्तरकीत आलं नाही. पहाटे गावाबाहेर पांदीला जायचं, मग दिवेलागणीनंतर. मधल्या दिवसात बाईला पोट नसतं, असं गावानं ठरवलंय. मी सासरी आल्या वर्षीच तहान मारायला शिकले. शेजारची मल्लम्मा मला तपस्विनी म्हणते. मलाही तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, आता फासळीखालची खुंटी वाटते.

पण माझं राहू दे. सून कला माघात घरात आली. परवा तिनं तांब्या तोंडाला लावला आणि दोन घोट घेऊन खाली ठेवला. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, आत्याबाई, तुम्ही पण तर असंच करायलात. मी शिकवलं नव्हतं रे. बघून शिकली. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही, अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालते.

ह्यांच्याकडं त्या खोलीची किल्ली मागितली. म्हणाले, ती सरकारी माणसांसाठी आहे, बायका जाऊ लागल्या तर साहेबांचा मान काय राहिला. मी विचारलं की साहेबांचा मान फरशीवरच राहतो व्हय. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तू एकदा ह्यांना लिहून बघ. माझं नाव घेऊ नकोस, कलाचंही नको. नाव न घेता जमेल तेवढी माया ठेव.
चंद्रभागा

बोरवाडी
वैशाख वद्य १

रा. रा. अंकुशराव यांस श्रीपतराव पाटील यांचा रामराम.

आपलं पत्र पावलं. घरच्या बायकांच्या असल्या गोष्टी कागदावर लिहिणं बीदरच्या मास्तरांना शोभत असेल. आमच्या घरी चार पिढ्या बायका पांदीलाच गेल्या आणि नातवंडं बघून गेल्या. एक चुलती अंगावर सूज येऊन गेली, पण ती करणी होती. किल्ली माझ्या करदोट्याला आहे, तिथंच राहील. राग नसावा, असला तर बीदरलाच असावा.
श्रीपतराव

बीदर
ज्येष्ठ शुद्ध ५

चि. सौ. कला हीस अंकुशमामाचे आशीर्वाद. तू चौथी शिकलीस, हे पत्र तूच वाच.

तुझ्या सासूबाईंना काल दाजींनी गाडीत घालून इथं आणलं. तापानं अर्धवट शुद्धीत होत्या. डॉक्टरीणबाईंनी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तिच्यात पू निघाला. उजवं पिंड वाचेल का, ते आठवड्यानं सांगतील.

बाईंनी दाजींना विचारलं की वाटेत ते किती वेळा गाडीतून उतरले. दाजी म्हणाले, हे काय विचारणं झालं. आपला गाडीवान विरुपाक्ष भोळा, त्यानं सगळं सांगून टाकलं: मालक नाल्यापाशी उतरले, चिंचेखाली उतरले, जनवाड्याच्या अलीकडं उतरले. आणि तुझ्या सासूबाई किती वेळा उतरल्या, असं विचारल्यावर म्हणाला, त्या कशा उतरतील, मालक होते, मी होतो, ऊन होतं. दाजींचा हात करदोट्याकडं गेला. सवयीनं गेला असेल, म्हणून तुला आशेला लावत नाही.

तू पाणी पी. कुठं जायचं याची लाज तुझी नव्हे, ती आम्हा पुरुषांकडं राहू दे. आमच्याकडं बरीच जागा रिकामी आहे.
मामा

बोरवाडी
आषाढ शुद्ध ९

चि. अंकुशास तुझ्या दोन पिंडांच्या अक्काचे आशीर्वाद. होय, दोन्ही राहिली. उजवं जरा रुसलेलं असतं. मीठ कमी केलंय, पूड सोडली, तांब्या उशाशी असतो.

घरी आले तेव्हा नागप्पा सुतार त्या दाराशी बसलेला. मला वाटलं, आणखी एक कुलूप बसवायला. बघते तर बाहेरची कडी काढून त्यानं ती आतून बसवली. हे शेजारी उभे राहून फरशीकडं बघायलेत. कुलूप किल्लीसकट कलापुढं ठेवलं आणि म्हणाले, ज्वारीच्या कोठीला लाव. आता मल्लम्माही येते, तिची जाऊही येते.

काल तहसीलदारसाहेब अचानक दौऱ्यावर आले. ह्यांच्याशी बोलता बोलता तांब्या घेऊन बैठकीमागं गेले, तर दार आतून बंद, कला आत. हे घाईनं स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, साहेब खोळंबलेत, तिला आवर म्हणावं. मी त्यांना सांगितलं की सुनेला घाई करायची नाही, डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. साहेबांना दम निघत नसेल तर पांदीची वाट दाखवा, चार पिढ्यांची मळलेली आहे.

हे बाहेर गेले आणि साहेबांना, जरा थांबावं लागेल, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

साहेब थांबले. तू मात्र माया करायचा थांबू नकोस.
तुझी अक्का, चंद्रभागा