नूरहादीचं पहिलं ताट

सोमवार, ४ शाबान

आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेतो, मग बाकीचं.

कसिनाह, तुझे गुडघे कसे आहेत? — सकाळी बरे, दुपारपर्यंत भोपळ्यासारखे. रोहमाह पोरी, तुझी दाढ? — काढली म्हणे, गाल अजून वर आहे. शेळी? — गाभण आहे, आज-उद्या विईल. माझा खोकला? — आहे तिथंच आहे. जन्मभर सावरीचा कापूस पिंजला, निम्मा लोकांच्या गाद्यांत गेला आणि निम्मा माझ्या छातीत.

आणि नूरहादी, तू कसा आहेस बाबा? — याला काय धाड भरलीय! मेलेल्याला ना गुडघे, ना खोकला. कायम पंचविशीतला.

वही नवी आहे तर लिहूनच ठेवतो. नूरहादी म्हणजे माझ्या कसिनाहचा पहिला नवरा. जुवानाच्या बंदरातून मासे धरायला गेला नि बुडाला. रोहमाह तेव्हा अंगावर पीत होती. पुढं कसिनाहशी माझा निकाह लागला, पोरगी माझ्या कापसाच्या ढिगात लोळून मोठी झाली, मलाच बाबा म्हणते. त्याचा संसार तीन पावसाळ्यांचा, माझा उभ्या आयुष्याचा. पण शाबान, हा मेलेल्यांचा महिना, लागला की घरात त्याचंच राज्य!

आज कसिनाहनं पुढच्या आठवड्यातल्या आपमसाठी, मेलेल्यांच्या नावानं वाटायच्या गोड घावनांसाठी, तांदूळ निवडून ठेवले. नारळ मी आणले, मीच सोलले, लाकडंही मीच फोडली. आणि ती चुलीकडं बघत दरवर्षीसारखं म्हणाली, पहिलं ताट नूरहादीच्या नावाचं.

गुरुवार, ७ शाबान

गुरुवारची संध्याकाळ. ती आत नूरहादीसाठी कुराणातली यासीन म्हणतेय. आवाज अजून गोड आहे. मी पडवीत उशा शिवत बसलोय आणि टाके वाकडे जातायत.

यासीन संपली तरी ती उठत नाही. हात पसरून बराच वेळ काहीतरी पुटपुटते. काय एवढं बोलायचं असतं त्याच्याशी? माझ्याशी दिवसभरात "जेवलात का" आणि "तो पंखा बंद करा" एवढंच.

आज विचारलंच. म्हटलं, माझ्यासाठी कधी म्हणशील यासीन?

म्हणाली, "तुम्ही जिवंत आहात ना. तुमच्यासाठी भात रांधते."



शुक्रवार, ८ शाबान

जुम्म्याची नमाज झाल्यावर कियाई मुस्लिहांना गाठलं. मदरशात पोरांना शिकवून शिकवून डोळे गेलेत त्यांचे, पण चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखतात. "सकीमन, आज पाय घाईत आहेत तुझे," म्हणाले.

आडून आडून विचारलं. म्हटलं, एक बाई आहे, तिचे दोन नवरे झाले, एक आधी मेला. जन्नतमध्ये ती कोणाची?

हसले. "बाईचे गुडघे दुखतात का रे?"

मग नीट सांगितलं. काही आलिम म्हणतात, शेवटच्या नवऱ्याची. मी लगेच ताठ बसलो. मग म्हणाले, काही म्हणतात, जो तिच्याशी जास्त चांगला वागला त्याची. मी परत वाकलो. नूरहादीबद्दल गावात कोणी वाईट बोललेलं मी ऐकलेलं नाही. तीन पावसाळ्यांत माणूस वाईट वागून वागून किती वागणार? मला चाळिशीच्या वर वर्षं मिळाली — चिडायला, घोरायला, आमटी खारट आहे म्हणायला. ही काय बरोबरीची कुस्ती झाली?

त्यात तो बुडून मेलेला, म्हणजे शहीद. पोटाच्या दुखण्यानं गेला तोही शहीद, म्हणाले कियाई. म्हटलं, आणि खोकल्यानं? म्हणाले, "आधी औषध घे."

उठता उठता खरं काय ते बोलून गेलो. म्हटलं, कियाई, माझं ईमान कच्चं आहे. म्हातारपणी एका मेलेल्या माणसावर जळतोय.

त्यांनी माझा हात धरून ठेवला. "कच्चं कसं? ज्याला वाटतं मेला तो संपला, तो मेलेल्याशी कशाला भांडेल? तुला तर नूरहादी समोर उभा दिसतो. मेल्यानंतरची ती आखिरत माझ्यापेक्षा तुलाच जास्त खरी वाटते, सकीमन. फक्त तिथं जाऊन भांडायचं ठरवलंयस." मग म्हणाले, अल्लाहवर विश्वास आणि शेवटच्या दिवसावर विश्वास, कुराणात ही दोन बहुतेक एका दमात येतात. आणि ज्याचा असा विश्वास आहे त्यानं काय करावं? चांगलं बोलावं, नाहीतर गप्प बसावं. शेजाऱ्याचा मान राखावा.

शेजारी म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

शनिवार, ९ शाबान

चांगलं वागायचं ठरवलं. पाणी भरलं, भांडी घासली, आमटीला छान म्हटलं. कसिनाहनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मंगळवार, १२ शाबान

रमजानच्या आधी कबरी साफ करायच्या, म्हणून गाव आज विळे-झाडू घेऊन कबरस्तानात. मी उत्तरेच्या कोपऱ्यात माझ्या आई-बापाकडं गवत काढत होतो. कसिनाह दक्षिणेला, नूरहादीकडं. दोघांच्या मध्ये तो मोठा चाफा.

मी चाफ्याआडून बघत होतो. लिहायला लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय. तिनं त्याचा दगड पुसला, फुलं वाहिली. मग दगडाच्या बाजूची मोकळी जमीनही झाडली. हळू, नीट — जशी आपली पडवी झाडते तशी. एक माणूस मावेल एवढी जागा.

कोणासाठी ते विचारलं नाही. विचारायची गरज होती का?

कयामतीला सगळे आपापल्या कबरीतून उठणार. डोळे चोळत बाजूला बघणार, तर आधी कोण दिसणार? शेजारी! आणि मी लांब उत्तरेला, धावत यायचं म्हटलं तरी मध्ये एवढा चाफा.

घरी येऊन मनात पाप आलं. म्हटलं, समजा तिकडं काहीच नाही. माती ती माती. मग नूरहादी कुठं उरला? चाळीस वर्षांचं दुखणं एका फटक्यात बरं! थोडा वेळ तसं मानून बसलो. समोर कसिनाह गुडघ्याला तेल चोळत होती. आणि लक्षात आलं — तो पुसला गेला तर तीही पुसली जाते. एक दिवस तीही नुसती माती, आणि परत भेट नाही. एवढी भीती वाटली की उठून तिच्या हातातलं तेल घेतलं आणि मीच चोळत बसलो.

नको. असू दे नूरहादी. तो असेल तरच ती असणार.

पण ती जागा तिनं झाडायला नको होती.

गुरुवार, १४ शाबान

आज जे झालं ते असं की हसावं का काय करावं कळत नाही.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजीनंतर सगळ्यांची ताटं छोट्या मशिदीत गेली. रिवाज असा की मोदिन दार्यो — गावाचं जन्म-मरण तोच बघतो — घराघरातल्या मेलेल्यांची नावं मोठ्यानं घेतो, प्रत्येक नावावर सगळे दुआ करतात, मग ताटं उघडायची. दार्योला सगळी नावं तोंडपाठ. पण आता त्याचंही वय झालंय. आमच्या घरावर आला. "कसिनाहचा नवरा..." म्हणाला आणि अडकला. मग पुढं जे नाव आठवलं ते घेतलं. "सकीमन."

आणि सगळी मशीद माझ्यासाठी दुआ करून मोकळी झाली! अल्लाह याची कबर रुंद कर, प्रकाशानं भर. मीही सवयीनं आमीन म्हणालो. मग शेजारचा माझ्याकडं बघायला लागला, मग त्याच्या शेजारचा, आणि हशा पिकला. "सकीमनकाका, परत आलातच तर आपम खाऊन जा," कोणीतरी म्हणालं. दार्यो तर माझे हात सोडेना.

मी म्हटलं, असू दे रे, काय बिघडलं. खरं सांगू? मला गुदगुल्या होत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कसिनाहच्या आपमवर माझं नाव! आणि नूरहादी यंदा उपाशी!

घरी येऊन तिला रंगवून सांगितलं. ती हसली नाही. तिच्या हातातलं ताट तिथंच राहिलं. मग आत गेली आणि यासीन सुरू केली. आज तीनदा म्हणाली.

शुक्रवार, १५ शाबान

सकाळपासून ती माझ्या मागं मागं. जिना चढू नका, तो सुरा ठेवा, खोकलात का? म्हटलं, अगं, चूक झाली दार्योची, मी काय मरतोय का?

तेव्हा ती पायरीवर बसली आणि बोलली. एवढं सलग ती कधी बोलत नाही.

"मी एकदा मागं राहिलेय. किनाऱ्यावर उभी होते, पोर अंगावर, आणि माणसं एकेक करून घरी गेली. परत नाही जमायचं मला. दर गुरुवारी यासीन झाली की तेच मागते — तुमच्या आधी मला ने. आणि काल अख्ख्या गावानं तुमचं नाव माझ्या पुढं नेलं."

 म्हणजे एवढी वर्षं ते पुटपुटणं...

म्हटलं, आणि ती झाडलेली जागा?

"कुठली जागा?"

"कबरस्तानातली. नूरहादीच्या बाजूची."

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं रोहमाह लहानपणी कापूस खायची तेव्हा तिच्याकडं बघायची. "तिथं चाफ्याचा पाचोळा पडतो हो," म्हणाली आणि उठून गेली.

खरं बोलली की नाही? चेहरा बघायच्या आत पाठ फिरली होती.

सोमवार, १८ शाबान

शेळी व्याली. दोन पिल्लं. कसिनाह खूश.

बुधवार, २० शाबान

पहाटे फज्रची नमाज पढून कसिनाह तिथंच चटईवर आडवी झाली. म्हणाली, जरा पाठ टेकते. मी उशी दिली. चहा घेऊन आलो तर गेलेली.

गुरुवार, २१ शाबान

काल पुढचं लिहिता आलं नाही.

काल सकाळीच दार्यो आला. रडून डोळे लाल, त्याला वाटतंय त्याच्या चुकीनं झालं. नाव माझं घेतलं, नेलं तिला. मी म्हटलं, तुझी चूक नाही, तिचीच मागणी मोठी होती. मग त्यानं विचारलं, "खणायचं कुठं?"

रोहमाह जुवानाहून पोचली होती. माझ्याकडं बघत होती. तिचा बाप दक्षिणेला आहे. मी काय बोलतो याची ती वाट बघत होती, आणि मी बोललो. "उत्तरेला. माझ्या माणसांत. माझ्यासाठी बाजूला जागा सोडा."

पोरीनं मान खाली घातली. "बरं बाबा," एवढंच.

मी जिंकलो, नूरहादी! मध्ये चाफा, भिंतीसारखा.

प्रेताच्या डोक्याखाली, पाठीशी मातीचे गोळे ठेवतात, म्हणजे तोंड किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला राहतं. ते मी वळले. दार्यो म्हणाला, "तुम्ही बसा हो, मुलं करतील." म्हटलं, उशा करायचं काम माझं आहे. जन्मभर मऊ उशा केल्या आणि हिला शेवटी मातीची. गालाखालचा गोळा तीनदा मोडून परत वळला. कुठं टोक राहायला नको.

आज गुरुवार. संध्याकाळी पडवीत बसलो. आत कोणी यासीन म्हणत नव्हतं.

रविवार, २४ शाबान

सात दिवस माणसं येणार, कलमा पढणार, जेवणार. बरं आहे. पण माणसं गेली की डोक्यात एकच. ती आता तिकडं. तो तिकडं. जन्नतमध्ये सगळे तरुण असतात. तिचे गुडघे दुखत नाहीत, चालतही असेल भराभर. आणि मी इकडं, खोकत, शेळीच्या पिल्लांना बाटली लावत.

एवढा जळफळाट तर ती जिवंत असताना झाला नव्हता.

रोहमाहनं विचारलं, बाबा, तुम्ही नीट झोपता ना? म्हटलं, झोपतो. मग ती हळूच म्हणाली, "आईला अंधारात एकटीला भीती वाटायची. तुम्ही पडवीतला दिवा म्हणूनच चालू ठेवायचात ना?"

हो. म्हणूनच.

गुरुवार, २८ शाबान

आपम केले. पहिल्यांदाच केले, खाली जरा करपले. पहिलं ताट तुझं, नूरहादी. दार्योला तुझं नाव घ्यायला लावलं, दोनदा विचारून, चुकू नये म्हणून.

शेजाऱ्याचा मान ठेवायचा असतो म्हणून लिहितोय. ती तुझ्या बाजूला नाही, दक्षिणेला शोधू नकोस. मी तिला लांब ठेवलंय. मोठ्या चाफ्याला वळसा घालून उत्तरेला ये, माझ्या आईच्या दगडापासून दुसरी. माती अजून ओली आहे. तिला अंधाराची भीती वाटते. मी येईपर्यंत तिच्याजवळ बस. आणि आल्यावर तिनं काय ठरवायचं ते ठरवू दे.

गुडघे थांबले का, ते विचार तिला. स्वप्नात ये, नाहीतर कसंही — पण लवकर कळव.