दिवाणाच्या लाकडावरची सही

पॅरिस, ३ मे १९२५

प्रिय ओदिलताई,

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

काल आमच्या गादीकामाच्या दुकानात सोळाव्या लुईच्या काळातला दिवाण आला, दोन्ही टोकांना सारखी पाठ असलेला. जुनं कापड उसवलं, तर लाकडावर, गादी नव्यानं चढवणारा कारागीर करतो तशी, बाबांची सही! खाली साल १९२३. अगं, ते युद्धात गेल्याचं पत्र सतरा सालीच आलं होतं ना?

दिवाणाच्या मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "लियों शहरातला कारागीर तो. बायको कापड शिवायची, हा खिळे ठोकायचा. गोड जोडपं हो!"

आई दर रविवारी त्यांच्या नावानं मेणबत्ती लावते. लावू दे तिला. हे पत्र चुलीत टाक.

तुझीच,
सिदोनी