चोवीस पिल्लं आणि लाल शाई

३ जुलै १९७८, सकाळी ७.१०
आत्ता माझ्या डोळ्यांदेखत एका पिल्लानं दुसऱ्याच्या शेपटीचं पीस उपटून खाल्लं. तीन आठवड्यांचा जीव. किळस आली, चहा ओतून दिला.
चोवीस पिल्लं विकणाऱ्या बाबूलालला बाजारात गाठून जाब विचारला. म्हणतो, बच्चे हैं अम्मा, खेलरे. असल्या खेळाला माझ्या शाळेत रस्टिकेट करत असू. मुलींची शाळा इतकी वर्षं चालवली, चोवीस कोंबड्यांना वळण लावणं काय अवघड आहे?

४ जुलै
पिल्लांच्या खोक्यावरचा मिणमिणता बल्ब काढून शंभरचा लावला. उजेडात कुणी पाप करत नाही. कॉन्व्हेंटात आमच्या डॉर्मिटरीचा दिवा रात्रभर जळायचा तो उगीच नाही.
वच्छला, माझी धाकटी बहीण, म्हणाली, आक्का, झोपू दे की गं त्यांला. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. 'त्यांला' नव्हे, 'त्यांना', हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

५ जुलै
आणखी तिघांची शेपटी गेली. शिक्षा म्हणून सकाळचं खाद्य बंद. कॉन्व्हेंटात आम्हीसुद्धा ग्रेस, जेवणाआधीची प्रार्थना, म्हटल्याशिवाय घास उचलत नव्हतो.
दुपारी शिस्त अजून दिसत नाही. उपाशीपोटी जास्तच टोचतात. हावरट जात.

६ जुलै
म्होरक्या सापडला. कॉपी करणाऱ्या मुलीच्या पेपरवर मारावी तशी त्याच्या पाठीवर लाल शाईची फुली मारली. सगळ्यांना कळू दे.
संध्याकाळी बाकीची सगळी त्याच्यावर तुटून पडली. समाजानं निषेध केला. समाधान वाटलं.

७ जुलै
निषेध जरा अति झाला. म्होरक्याची पाठ सोललेली, मांस दिसतं. जखमेवर लाल औषध लावलं. मग निषेध करणाऱ्यांपैकी पाच जणांनाही फुल्या मारल्या. न्याय सर्वांना सारखा.

८ जुलै
आता फुली असलेल्या प्रत्येकाला बाकीचे टोचतात. शेजारच्या सुभद्राबाई भिंतीवरून डोकावल्या. म्हणतात, बाई, कुकू लावून लग्नं लावायलाव का कोंबड्यांची? असल्या बायकांना मी उत्तर देत नाही.

१० जुलै
म्होरक्या आता स्वयंपाकघरात. वच्छलानं त्याला भाकरीच्या दुरडीत, जुन्या लुगड्याच्या चिंधीवर ठेवलाय. बाळ्या म्हणते. भाकरीच्या दुरडीत विष्ठा. मला जेवण गेलं नाही.
गुलबर्ग्याच्या मुलाला, ज्ञानोबाला, तिनं पत्र लिहिलं. नेहमीप्रमाणे तपासून दिलं. अकरा चुका. म्हणाली, आक्का, लाल करू नको गं, पोरगं हसायलंय, म्हणतंय आई, तुझ्या पत्राला गोवर आलाय. हसू दे. आईच्या चुका मुलाला कळाव्यात. मग बारावी चूक सापडली, तिच्यावरही गोल केला. तिनं पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. पोस्टात टाकलं नाही.

१२ जुलै
लाडानं कुणी सुधारत नाही. वच्छला दळणाला गेली तेव्हा बाळ्याला परत खोक्यात सोडलं. बरोबरीच्यांत राहायला शिकलं पाहिजे.
ती आली तेव्हा त्याचा एक डोळा गेला होता. किती घाण प्राणी आहेत हे. वच्छलानं त्याला खोक्यातून उचललं. म्हणाली, आक्का, ह्यानं तुझं काय केलतं गं?
मी वाक्य दुरुस्त केलं. 'केलं होतं'.
ती कोमट पाण्यानं त्याची पाठ धूत बसली, दिवेलागणीपर्यंत. शाई जात नव्हती. मी सांगितलं, शाई चांगल्या प्रतीची आहे. म्हणाली, व्हय, मला म्हाईत हाय.
हा टोन मला अजिबात खपत नाही. उद्या तिच्याशी गंभीरपणे बोलायचं.

१३ जुलै
बोलले नाही. तिनंच बोलायला पाहिजे.

१४ जुलै, सकाळी ९
वच्छला पहाटेच्या बसनं हुमनाबादला गेली, तिथून गुलबर्गा. मला सुभद्राबाईंकडून कळलं. पदराखाली दुरडी होती म्हणे, आत एकडोळ्या. ती म्हणे सुभद्राबाईंना म्हणाली, आक्काला सांगा, चुलीवर दूध हाय, उतू जाईल.
उतू गेलं होतं. चूल मीच पुसली.
रात्रीपासून लाइट नाही, शंभरचा बल्ब बंद. खोक्यातल्या अंधारात तेवीसही पिल्लं एकमेकांना चिकटून गप बसली आहेत, एक चोच हलत नाही. शेवटी माझी शिस्त मुरली. हे पाहायला वच्छला थांबली नाही, हे तिचं नुकसान.
चहा मीच केला. कडू झाला.
लाल शाईची बाटली फळीवर नाही. मोरीतून लालसर पाणी वाहिल्याचा डाग आहे.

दुपारी १२, कच्चा मसुदा. निळ्या शाईनं लिहिला.
सौ. नव्हे, श्रीमती वच्छलाबाई यांस. आपण विनापरवानगी घर सोडलं. कारण काय, आणि परत कधी येणार, याचं लेखी उत्तर ३१ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. ज्ञानोबाकडून लिहून घेतलेलं चालणार नाही. स्वतःच्या हातानं लिहावं. चुका असल्या तरी चालतील. डावीकडे समास सोडावा.